बर्फ कारखान्यात ड्राइव्ह बसवल्यापासून कपॅसिटर फुगत आहेत: हार्मोनिक्सवर नेमका उपाय कोणता?

प्रश्न (बर्फ कारखान्याचा चालक, रत्नागिरी किनारा)

सर्वांना सप्रेम नमस्कार. रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत आमचा बर्फाचा कारखाना आहे आणि त्याला जोडून लहानसे शीतगृह आहे. मासेमारीच्या हंगामात बंदरावर होड्या लागल्या की बर्फाची मागणी रात्री-अपरात्री येते, त्यामुळे त्या दिवसांत कारखाना बंद ठेवणे आम्हाला परवडत नाही.

पुरवठा ११ केव्हीचा असून ट्रान्सफॉर्मर आमचा स्वतःचा आहे: २०० केव्हीए, नेमप्लेटवर इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) ४.५ टक्के. अमोनियाचे तीन कॉम्प्रेसर आहेत. दोन जुने, प्रत्येकी ६० एचपीचे, स्टार-डेल्टा स्टार्टरवर (वेग न बदलणाऱ्या साध्या स्टार्टरवर) चालतात. तिसरा ७५ एचपीचा गेल्या वर्षी व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) घेतला. आमच्याकडचे वायरमन यालाही ‘इन्व्हर्टर’ म्हणतात आणि छतावरच्या ६० किलोवॅट सौर यंत्रणेच्या पेटीलाही ‘इन्व्हर्टर’च म्हणतात, म्हणून गैरसमज टाळण्यासाठी मी पहिल्याला ड्राइव्ह म्हणेन. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाच्या विजेचे प्रमाण) सुधारण्यासाठी १०० केव्हीएआरचे (हे कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक) स्वयंचलित पॅनेल आहे. त्यात ४४० व्होल्टचे साधे कपॅसिटर १०, १५, २५, २५ आणि २५ अशा पाच टप्प्यांत बसवले आहेत. वीज गेल्यास १२५ केव्हीएचा जनरेटर आहे.

ड्राइव्ह आल्यापासून आठ महिन्यांत चार कपॅसिटर फुगले आणि फ्यूज कितीदा बदलले ते मोजलेले नाही. रात्री तिन्ही कॉम्प्रेसर एकदम चालू असले की ट्रान्सफॉर्मरचा नेहमीचा खर्जातला आवाज जातो आणि पत्रा थरथरल्यासारखा कर्कश आवाज येतो. एकाच केबलवर जुना क्लॅम्प मीटर २१५ अँपिअर दाखवतो, तर नवा ट्रू आरएमएस मीटर २४३. कपॅसिटर पॅनेलच्या पडद्यावर पॉवर फॅक्टर ०.९९ दिसतो, मात्र भाड्याने आणलेल्या अॅनालायझरवर तो ०.९३ आला.

अॅनालायझरने ट्रान्सफॉर्मरच्या लघुदाब बाजूला रात्री घेतलेली मोजमापे अशी आहेत: मूळ ५० हर्ट्झचा प्रवाह २२८ अँपिअर, पाचवा हार्मोनिक (मूळच्या पाचपट वारंवारतेचा प्रवाह) ६२ अँपिअर, सातवा ५८ अँपिअर, प्रवाहाचा एकूण विकार (मूळ लाटेच्या तुलनेत हार्मोनिक्सचे प्रमाण) ३७ टक्के आणि व्होल्टेजचा ८.९ टक्के. दुपारी सौर यंत्रणा जोरात असताना आणि एकच जुना कॉम्प्रेसर व ड्राइव्ह चालू असताना मूळ प्रवाह ७५ अँपिअर, पाचवा ४२, सातवा २७ आणि विकार तब्बल ६७ टक्के दिसला.

ड्राइव्ह देणारे म्हणतात की दोष सौर यंत्रणेचा आहे. सौरवाले म्हणतात की दोष ड्राइव्हचा आहे. तिसऱ्या एका पुरवठादाराने दोघांचेही ऐकून घेतले आणि १५० अँपिअरचा अॅक्टिव्ह फिल्टर (हार्मोनिक्स खोडून काढणारे यंत्र) सुचवला. तो आमच्या आवाक्याबाहेरचा खर्च आहे. फिल्टर खरोखर लागणार असेल तर कर्ज काढून घेऊ, परंतु त्याआधी दोष नेमका कुठे आहे हे समजून घेण्याची इच्छा आहे.

उत्तर (विद्युत अभियंता, लोटे परशुराम औद्योगिक वसाहत)

आपण आकडे अँपिअरमध्ये दिले हे फार चांगले केले. नुसत्या टक्केवारीवरून याचे उत्तर देता आले नसते.

आपल्या ड्राइव्हच्या तोंडाशी सहा डायोडांचा तीन फेजचा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) आहे. असा रेक्टिफायर प्रवाह सलग घेत नाही, लाटेच्या माथ्यापाशी लचके तोडल्यासारखा घेतो, आणि त्यातून पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे हार्मोनिक्स निर्माण होतात, म्हणजे आपल्याकडे २५०, ३५०, ५५० आणि ६५० हर्ट्झ. यांतला सातवा हा पाचव्यापेक्षा सहसा बराच लहान असतो. आपल्याकडे मात्र ६२ च्या शेजारी ५८ बसला आहे. एकट्या ७५ एचपीच्या ड्राइव्हकडून सातव्याचा एवढा प्रवाह येण्याचे कारण दिसत नाही. त्याला वाटेत कुणीतरी फुगवत आहे, आणि माझा संशय कपॅसिटरवर आहे.

हिशेब असा करावा. ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट क्षमता (शॉर्ट सर्किट झाल्यास तो देऊ शकेल ती कमाल केव्हीए) म्हणजे २०० भागिले ०.०४५, सुमारे ४४४४ केव्हीए. ४४० व्होल्टचा १०० केव्हीएआर कपॅसिटर ४१५ व्होल्टवर प्रत्यक्षात ८९ केव्हीएआरच देतो. ४४४४ ला ८९ ने भागून वर्गमूळ काढल्यास ७.०७ येते. म्हणजे पाचही टप्पे लागले की ट्रान्सफॉर्मरचे इंडक्टन्स आणि आपले कपॅसिटर यांचा अनुनाद (रेझोनन्स) बरोबर सातव्या हार्मोनिकपाशी जुळतो. ड्राइव्ह जे थोडे देतो ते या जोडीत अनेक पटींनी वाढून फिरत राहते. अकरा केव्हीच्या लांब लाइनचा इम्पिडन्स यात धरला तर आकडा थोडा खाली सरकेल, पण सातव्याच्या आसपासच राहील.

०.९९ आणि ०.९३ या दोन पॉवर फॅक्टरमधील फरकही यातूनच येतो. बहुतेक साधे कंट्रोलर मूळ लाटेतील कोन तेवढा पाहतात. अॅनालायझर हार्मोनिक्ससह एकूण प्रवाह धरतो. २२८ ला २४३ ने भागल्यास ०.९४ येते आणि त्याला ०.९९ ने गुणल्यास आपला ०.९३ मिळतो. तसेच जुना क्लॅम्प सरासरी मोजून शुद्ध साइन लाट गृहीत धरतो, म्हणून तो कमी दाखवतो. त्यावर विसंबून केबलचा किंवा ब्रेकरचा निर्णय कधीही घेऊ नये.

एक चाचणी करावी, तिला काहीच खर्च नाही. रात्री तोच भार असताना पॅनेल मॅन्युअलवर घेऊन सर्व टप्पे बाहेर काढावेत आणि अॅनालायझर पुन्हा वाचावा. त्यानंतर कपॅसिटरला हात लावायचा असल्यास किमान पाच मिनिटे थांबून, मीटरने व्होल्टेज तपासून मगच लावावा. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असला तर बाहेरून कळत नाही.

प्रश्नकर्त्याचा पुढील मजकूर

काल रात्री चाचणी केली. सर्व कपॅसिटर बाहेर काढताच ट्रान्सफॉर्मरचा आवाज उतरला; शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरने मी विचारण्याआधीच ते सांगितले. मोजमापे: मूळ प्रवाह २६० अँपिअर, पाचवा ३२, सातवा १४, प्रवाहाचा विकार सुमारे १३ टक्के, व्होल्टेजचा ३.३ टक्के. पॉवर फॅक्टर मात्र ०.८६ वर आला. आमचे बिल केव्हीएएचवर येते, म्हणजे पॉवर फॅक्टर उतरला की बिल वाढते, त्यामुळे कपॅसिटर कायमचे बंद ठेवता येणार नाहीत.

लॉगबुकही चाळले. चारपैकी तीन कपॅसिटर ज्या रात्री गेले, त्या प्रत्येक रात्री लाइन गेलेली होती आणि जनरेटर दोन-तीन तास चालला होता. त्या वेळी एक जुना कॉम्प्रेसर, ड्राइव्ह कमी वेगावर आणि पंप एवढेच चालू ठेवतो. हा निव्वळ योगायोग मानावा का?

उत्तर (तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले विद्युत विभागाचे शिक्षक)

योगायोग मुळीच नाही. आपल्या लॉगबुकाने या चर्चेतील सर्वांत मोलाची माहिती दिली आहे असे मला वाटते.

आधीच्या उत्तरातील निदान बरोबरच आहे, पण त्याने कपॅसिटर का फुटतात हे पूर्णपणे उलगडत नाही. लाइनवर असताना आपल्या पूर्ण बँकेतून किती प्रवाह जातो ते पाहू. मूळ प्रवाह १२४ अँपिअर; आपल्या व्होल्टेजच्या विकारावरून सातव्याचा सुमारे ६२ आणि पाचव्याचा सुमारे ३४. वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ घेतल्यास एकूण १४३ अँपिअर होतात. बँकेचा नेमप्लेटवरील प्रवाह १३१ अँपिअर आहे. आयईसी ६०८३१ या मानकानुसार बनलेल्या कपॅसिटरने १.३ पट प्रवाह सतत सोसणे अपेक्षित असते. म्हणजे लाइनवर तो त्रासात आहे, पॅनेल तापले तर त्याचे आयुष्य घटेल, परंतु महिना-दोन महिन्यांत फुगावा एवढा भार त्याच्यावर नाही.

आता जनरेटर पाहा. १२५ केव्हीएच्या आल्टरनेटरची सबट्रान्झिएंट रिअॅक्टन्स, म्हणजे शॉर्ट सर्किटच्या पहिल्या क्षणीचा अंतर्गत विरोध, १२ टक्के धरली (नेमका आकडा त्याच्या कागदांत मिळेल), तर शॉर्ट सर्किट क्षमता सुमारे १०४२ केव्हीए, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चौथ्या हिश्शाहून कमी. त्या भाराला कंट्रोलर बहुधा ५० केव्हीएआरचे टप्पे लावत असणार. ते प्रत्यक्षात ४४.५ देतात. १०४२ भागिले ४४.५, त्याचे वर्गमूळ ४.८. अनुनाद आता पाचव्याच्या दारात येऊन उभा राहिला, आणि पाचवा हाच ड्राइव्हचा सर्वांत मोठा हार्मोनिक आहे. शिवाय जनरेटरचा इम्पिडन्स मोठा असल्याने तेवढाच प्रवाह व्होल्टेजला कितीतरी अधिक विकृत करतो. कपॅसिटरला मारतो तो लाटेचा उंचावलेला माथा आणि वारंवारतेबरोबर वाढणारी डायइलेक्ट्रिकमधील (आतील इन्सुलेटिंग थरातील) उष्णता. टप्प्यांची जुळणी थोडी बदलून २५ केव्हीएआरचा एकच लागला, तर आकडा ६.८ येतो आणि आपण पुन्हा सातव्यापाशी येतो. कंट्रोलर चाचपडत टप्पे आत-बाहेर करतो, त्यामुळे तो कधी ना कधी या जागांवरून जाणारच.

कोकणातील पावसात तारांवर फांद्या पडून वीज जाणे नित्याचे आहे, म्हणून ही गोष्ट इथे अधिक जपावी लागते. उपाय सोपा आहे आणि तो आजच्या आज करावा. चेंजओव्हर स्विचचा (लाइन व जनरेटर यांत बदल करणाऱ्या स्विचचा) एक ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट घेऊन तो कपॅसिटर पॅनेलच्या कंट्रोल सप्लायमध्ये मालिकेत जोडावा, म्हणजे जनरेटरवर असताना एकही टप्पा लागणार नाही. जनरेटरवर पॉवर फॅक्टर सुधारून वीजबिलात काही वाचत नाही. भार त्याच्या केव्हीए क्षमतेत बसतो एवढे पाहावे. आपल्या वर्णनावरून तो बसतो.

मी अनेक वर्षे वर्गात अनुनादाचे सूत्र फळ्यावर लिहिले, परंतु विद्यार्थ्यांना जनरेटरवरचे गणित वेगळे करायला लावले नाही. ते लावायला हवे होते असे आता तीव्रतेने वाटते.

उत्तर (पॅनेल बनवणारा, कुडाळ)

जनरेटरचा इंटरलॉक लगेच करावा, याला माझेही अनुमोदन आहे. कायमच्या उपायासाठी साधी बँक काढून डीट्यून्ड बँक बसवावी. प्रत्येक टप्प्याच्या कपॅसिटरला मालिकेत ७ टक्क्यांचा रिअॅक्टर (तारेचे वेटोळे, म्हणजेच इंडक्टर) येतो. अशा टप्प्याची स्वतःची ट्यूनिंग वारंवारता १८९ हर्ट्झ होते आणि त्याच्या वरच्या प्रत्येक हार्मोनिकला तो टप्पा कपॅसिटर म्हणून दिसतच नाही, इंडक्टर म्हणून दिसतो. मग पाचव्याशी किंवा सातव्याशी अनुनाद होण्यास जागाच उरत नाही. उलट पाचव्याचा काही भाग तो स्वतःकडे ओढून घेतो. आपल्या आकड्यांवर हिशेब केल्यास ट्रान्सफॉर्मरमधून जाणारा पाचवा ३२ वरून सुमारे १९ अँपिअरवर आणि सातवा १४ वरून सुमारे १० वर यावा. पॉवर फॅक्टर मात्र जागेवर राहील.

खरेदी करताना लोक जिथे फसतात ते सविस्तर सांगतो. रिअॅक्टर लावल्यावर कपॅसिटरवरचे व्होल्टेज वाढते. ७ टक्क्यांसाठी ४१५ चे ४४६ होतात. त्यामुळे ४४० व्होल्टचे जुने कपॅसिटर तिथे चालणार नाहीत, ५२५ व्होल्टचे घ्यावेत. पण ५२५ व्होल्टवर १०० केव्हीएआर लिहिलेला कपॅसिटर आपल्या बसबारवर रिअॅक्टरसह सुमारे ६७ केव्हीएआरच देतो. आपल्याला ८९ हवे असतील, तर ५२५ व्होल्टच्या लेबलवर बेरीज १३२ च्या आसपास लागेल. कोटेशनमध्ये ‘४१५ व्होल्टवर रिअॅक्टरसह निव्वळ केव्हीएआर’ असे स्पष्ट लिहून मागावे. हे वाक्य नसलेली दोन कोटेशने कधीही शेजारी ठेवून तुलना करू नये.

जुने दोन टप्पे चांगले आहेत म्हणून ते तसेच ठेवून बाकीच्यांनाच रिअॅक्टर लावण्याचा मोह होतो. तसे करू नये. एकाच बसवर साधे आणि डीट्यून्ड टप्पे एकत्र आले की त्यांच्यात आपसांत नवा अनुनाद तयार होऊ शकतो आणि सर्व खर्च वाया जातो.

आता आपल्या जागेविषयी. रिअॅक्टर बरेच तापतात, म्हणून ते पॅनेलमध्ये वर, कपॅसिटर खाली, आणि मध्ये आडवा पत्रा असावा. पंखा हवा आत घेतो त्या जाळीतून खारा दमटपणाही आत येतो. जाळी दर महिन्याला धुवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमोनिया. एका बर्फ कारखान्यात मी उघडलेल्या पॅनेलमध्ये तांब्याच्या पट्ट्यांवर निळसर-हिरवा थर चढला होता आणि कॉन्टॅक्टरचे पितळी स्क्रू पान्याला लागताच भुगा झाले. दमट हवेतील अमोनिया तांबे आणि पितळ खातो. सांधा सैल झाला की तो तापतो, आणि तापलेल्या सांध्याने उडालेल्या फ्यूजचे खापर हार्मोनिक्सवर फुटते. पॅनेल कॉम्प्रेसरच्या खोलीत असेल तर ते बाहेर, वेगळ्या खोलीत न्यावे आणि बसबार टिनचा मुलामा दिलेले किंवा अॅल्युमिनियमचे घ्यावेत.

उत्तर (सौर यंत्रणांचे काम करणारा तंत्रज्ञ, मालवण)

मी सौर बाजूचे बोलतो. कोणाचा कैवार घेण्याचा हेतू नाही, फक्त ६७ टक्के हा आकडा समजून घ्यावा.

दुपारी कारखान्याचा मूळ प्रवाह सुमारे १५० अँपिअर असावा. त्यातील ७५ सौर यंत्रणेने दिले, म्हणून ट्रान्सफॉर्मरकडून ७५ च आले. ड्राइव्हने निर्माण केलेले आणि कपॅसिटरने वाढवलेले सुमारे ५० अँपिअर हार्मोनिक्स मात्र होते तेवढेच राहिले. ५० ला १५० ने भागले तर ३३ टक्के, ७५ ने भागले तर ६७ टक्के. छेद निम्मा झाला म्हणून टक्केवारी दुप्पट झाली. हार्मोनिक्समध्ये काहीही भर पडलेली नाही. याच कारणामुळे हार्मोनिक्सच्या मर्यादा सांगणाऱ्या आयईईई ५१९ या मानकात प्रवाहाची मर्यादा त्या क्षणाच्या प्रवाहाच्या नव्हे, तर कमाल मागणीच्या प्रवाहाच्या टक्केवारीत दिलेली आहे.

खात्री करायची असल्यास अॅनालायझरचा क्लॅम्प सौर इन्व्हर्टरच्या आउटपुट केबलवर लावावा. चांगल्या स्थितीतील ग्रिड-टाय इन्व्हर्टर पूर्ण क्षमतेच्या जवळ असताना त्याच्या प्रवाहाचा विकार तीन-चार टक्क्यांच्या आत असतो. पहाटे किंवा ढग आल्यावर तो १० टक्क्यांच्या वर जाताना दिसेल, पण तेव्हा एकूण प्रवाहच काही अँपिअरचा असतो, त्याची चिंता करू नये. एक गोष्ट मात्र सौर बाजूनेही पाहावी: बसवरील व्होल्टेजचा विकार मोठा असेल तर इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होऊ शकतो. तसे होत असल्यास त्याचे कारणही बहुधा हीच कपॅसिटर बँक आहे.

उत्तर (लोटे परशुराम येथील अभियंता, दुसऱ्यांदा)

निवृत्त सरांनी दाखवलेली जनरेटरची बाजू माझ्या उत्तरात सुटली होती, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार.

आता अॅक्टिव्ह फिल्टरविषयी. हे यंत्र सीटीद्वारे (प्रवाह मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरद्वारे) प्रवाह वाचते आणि हार्मोनिक्सच्या नेमका उलट प्रवाह आयजीबीटी या वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साहाय्याने बसवर सोडते. यंत्र उत्तम आहे. जिथे ड्राइव्ह पुष्कळ आहेत आणि भार सारखा बदलतो, तिथे त्याला पर्याय नाही असेही मी म्हणेन. पण आपल्याकडे मूळ स्रोत ३२ आणि १४ अँपिअरचा, म्हणजे एकूण सुमारे ३५ अँपिअरचा आहे. १५० अँपिअरची शिफारस कपॅसिटरने फुगवलेल्या ८५ वर वाढावा धरून केलेली दिसते. साधी बँक तशीच ठेवून फिल्टर बसवला असता, तर त्याने आयुष्यभर कपॅसिटरशी झुंज दिली असती.

पाचवा हार्मोनिक ड्राइव्हच्या मूळ प्रवाहाच्या ४० टक्क्यांच्या आसपास दिसतो, त्यावरून ड्राइव्हमध्ये डीसी चोक (रेक्टिफायरनंतरचे, हार्मोनिक्स कमी करणारे वेटोळे) आधीच असावा असा माझा तर्क आहे. मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. असल्यास बाहेरून ३ टक्क्यांचा एसी चोक लावून हार्मोनिक्समध्ये थोडीच घट होईल, पण विजांच्या दिवसांत लाइनवरून येणाऱ्या झटक्यांपासून रेक्टिफायरला आधार मिळेल, म्हणून तो लावावा असे माझे मत आहे. नसल्यास मात्र एसी चोक हा पहिला खर्च समजावा.

डीट्यून्ड बँक बसल्यावर उरलेले २१-२२ अँपिअर हार्मोनिक्स आपल्या २२८ च्या मागणीच्या १० टक्क्यांच्या आत येतात. ११ केव्हीवर शॉर्ट सर्किट प्रवाह आपल्या मागणीच्या १०० ते १००० पट असेल, तर आयईईई ५१९ नुसार एकूण मर्यादा १५ टक्के आहे. उपकेंद्राकडून फॉल्ट लेव्हल (तिथली शॉर्ट सर्किट क्षमता) लेखी मागून हे गुणोत्तर काढून ठेवावे. ट्रान्सफॉर्मरचा डेल्टा पाचव्या-सातव्याला अडवतो असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. डेल्टात अडकतात ते तिसऱ्याच्या पटीतील हार्मोनिक्स, बाकीचे ११ केव्हीवर जातातच.

दुसरा जुना कॉम्प्रेसरही पुढे ड्राइव्हवर घेण्याचा विचार असेल, तर तो आत्ताच सांगावा. त्यानुसार कमी हार्मोनिक्सचा, म्हणजे १२ पल्सचा किंवा अॅक्टिव्ह फ्रंट एंडचा, ड्राइव्ह घेता येईल आणि रिअॅक्टरही त्या हार्मोनिक प्रवाहासाठी निवडता येतील.

प्रश्नकर्त्याचा मजकूर

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. चेंजओव्हरचा इंटरलॉक आज दुपारी वायरमनकडून करून घेतला. जनरेटर चालवून पाहिला, एकही टप्पा लागला नाही. लाइनवर असताना तूर्त २५ केव्हीएआरचे दोन टप्पे काढून ठेवले आहेत. वरील सूत्राने आता अनुनाद दहाव्यापाशी येतो आणि सातवा आज रात्री ५८ वरून २८ वर आला. पॉवर फॅक्टर काहीसा उतरला आहे, तो नवी बँक येईपर्यंत सोसू. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये डीसी चोक असल्याचा उल्लेख सापडला. पॅनेल कॉम्प्रेसरच्या खोलीतच आहे. ते भिंतीपलीकडच्या भांडारात हलवण्यासाठी केबलची लांबी उद्या मोजणार आहे. १ जूनपासून मासेमारी बंद होईल, तेव्हा बर्फाची मागणीही उतरेल आणि डीट्यून्ड बँक त्याच सुमारास बसवून घेईन. दुसरा कॉम्प्रेसर आणखी दोन वर्षे तरी स्टार-डेल्टावरच राहील.